भाव किलोचा, अपेक्षा आभारपत्राची

सुरत शहर काहीही फुकट जाऊ देत नाही. जुन्या जरीच्या साड्या विकत घेऊन, जाळून त्यातली चांदी काढणारे इथे आहेत. कापडाची चिंधी किलोवर जाते आणि हिऱ्याच्या कारखान्यातला केर चाळल्याशिवाय बाहेर पडत नाही. सप्टेंबर 2023 मध्ये वराछाच्या मिनी बाजारात कुणाचे तरी हिरे रस्त्यावर सांडल्याची आवई उठली, तेव्हा माणसं वाकून वाकून रस्त्यावरची धूळ गोळा करू लागली. हाती आले ते नकली अमेरिकन डायमंड, पण शोधण्यात कुणी कसूर केली नाही. अशा गावात नको असलेल्या पुस्तकांचं काय करायचं हा प्रश्न पडावा, हेच नवल. तो पडतो मात्र खरा, आणि लिंबायत, उधना, डिंडोलीच्या मराठी घरांत जरा जास्तच पडतो. खानदेशातून लूम्सवर कामाला आलेल्या पिढीने हौसेने जमवलेल्या कादंबऱ्या, पोथ्या आणि दिवाळी अंक माळ्यावर आहेत. नातवंडं गुजराती नाहीतर इंग्रजी माध्यमात आहेत. विकायला काढावं तर गिऱ्हाईक नाही, द्यायला जावं तर घेणारा नाही, आणि टाकून द्यावं तर सरस्वती कोपेल ही भीती.

या अडचणीचं खापर वाचनसंस्कृतीवर फोडण्याची आपल्याकडे रीत आहे. ही संस्कृती बिचारी कधी लयाला जाते, कधी ऱ्हास पावते, पण उलट उत्तर देत नाही, म्हणून ती सोयीची. खरं कारण याहून रुक्ष आहे आणि ते हिरेबाजारात रोज उघड्यावर दिसतं. तिथे कच्च्या ढिगाला किंमत येते ती निवडल्यावर. रंग, शुद्धता, घाट, वजन पाहून मालाचे वाटे करणारा असॉर्टर त्या कामाचे पैसे घेतो, सौदा जुळवणारा दलाल दलाली घेतो, आणि यात कुणाला काही गैर वाटत नाही. पुस्तकांच्या ढिगात कोणतं ठेवावं, कोणतं कुणाला द्यावं, कोणतं लगद्याला धाडावं हे ठरवणंही तितकंच किचकट काम आहे. मात्र ते कुणीतरी फुकट, आनंदाने आणि आपल्या सोयीच्या रविवारी करावं अशी आपली अपेक्षा असते. आपण ज्याला पुस्तकदान म्हणतो ते पुष्कळदा या निवडीचं ओझं दुसऱ्याच्या दारात उतरवून ठेवणं असतं. वर आभारपत्र हवं, आणि जमल्यास वडिलांच्या नावाचं कपाट.

अशा दानाचं पहिलं लक्ष्य ग्रंथालय. सुरतेला त्यांची कमी नाही: अँड्र्यूज लायब्ररी 1850 पासून आहे, महापालिकेचं कवी नर्मद यांच्या नावाचं मध्यवर्ती ग्रंथालय आहे. दात्याला वाटतं, एवढ्या मोठ्या इमारतीत आपली चार खोकी सहज मावतील. मावतीलही, पण ग्रंथालयात आलेलं पुस्तक दाखल नोंदवहीत चढतं, त्याला क्रमांक मिळतो, आणि मग त्याला बाहेर काढणं भाडेकरूला बाहेर काढण्याइतकं अवघड होतं. केंद्र सरकारच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांत वर्षभरात वाचकांनी हाताळलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच हरवली तर ते वाजवी मानलं आहे. अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी, आणि हजार रुपयांवरचं किंवा दुर्मिळ पुस्तक नसावं, एवढंच. म्हणजे पुस्तक हरवायला सरळ नियम आहे, नकोसं झाल्यावर काढून टाकायला मात्र निर्लेखनाचा प्रस्ताव, समिती आणि सही. ग्रंथपाल दान घेताना कचरतो तो वाङ्मयद्वेषाने नव्हे. तुमच्या माळ्यावरची धूळ त्याच्या नोंदवहीत कायमची राहायला येते, हे त्याला दिसत असतं.

दुसरं लक्ष्य गरजू विद्यार्थी. हा विद्यार्थी दात्यांच्या कल्पनेत नेहमी दहा वर्षांपूर्वीचाच अभ्यासक्रम शिकत असतो, म्हणून त्याला जुनी गाईडं चालतात. प्रत्यक्षात महापालिकेच्या मराठी शाळेतल्या मुलाला गुजरात पाठ्यपुस्तक मंडळाचं मराठी पुस्तक लागतं आणि ते सरकार फुकट देतं. ताप्ती लाईनने नवापूरला गेलं, की अर्ध्या फलाटावर गुजरात संपतो आणि त्याच पुस्तकाचा शालेय उपयोगही संपतो. भाषा तीच, मंडळ वेगळं. जे गोष्टीचं पुस्तक त्या मुलाला खरोखर हवं असेल ते दानाच्या खोक्यात क्वचित सापडतं, कारण ते दात्याच्या घरी अजून वाचलं जात असतं.

राहिला पस्तीवाला, म्हणजे रद्दीवाला. या साखळीत निवडण्याचं काम स्वतः करणारा आणि वर पैसे देणारा हा एकटाच. तो पुस्तक उघडून पाहतो, पुठ्ठा वेगळा करतो, जे जुन्या पुस्तकांच्या दुकानात खपेल ते बाजूला ठेवतो आणि उरलेलं पुढे पाठवतो. वापीच्या कागद गिरण्यांत त्याचा क्राफ्ट कागद होतो, त्याची खोकी होतात, आणि रिंग रोडच्या कापड बाजारातून एखादी कादंबरी पोटात साडी घेऊन पुन्हा गावभर फिरू शकते. तिच्या पहिल्या आवृत्तीला एवढा प्रवास घडला नसेल. त्याच्या तराजूत छापील पुस्तकापेक्षा कालच्या वर्तमानपत्राला भाव सहसा चढा मिळतो, हे वर्तमानपत्रात लिहिणाऱ्याने फार ताणून सांगू नये. सरकारचंही मत फारसं वेगळं नाही: छापील पुस्तकावर जीएसटी शून्य, कागदी रद्दीवर 5 टक्के. ज्यात काही व्यवहार आहे त्यावरच कर लागतो.

यावर पहिला आक्षेप सरस्वतीचा. पण याच शहरात दिवाळीला चोपड्यांची पूजा होते आणि हिशेब बंद झालेले जुने चोपडे देव्हाऱ्यात राहत नाहीत. व्यापाऱ्याची सरस्वती यावर रागावल्याचं ऐकिवात नाही. दुसरा आक्षेप, प्रत्येक पुस्तकाला कुठे ना कुठे वाचक असतोच. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या 1931 च्या पाच नियमांतला हा तिसरा, आणि दात्यांचा लाडका. त्याच्या लगेच पुढचा चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवा असं सांगतो, तो कुणी ऐकवत नाही. न निवडलेल्या चार हजार पुस्तकांत हवं ते शोधताना वाचकाचा वेळच खर्च होतो. शिवाय त्या दूरच्या वाचकापर्यंत पुस्तक पोचवायला टपाल खात्याची 2025 पासूनची ज्ञान पोस्ट आहे. पाच किलोंना 100 रुपये अधिक कर. किलोला पडले वीस, म्हणजे पस्तीवाला जे देतो त्याहून बहुधा अधिक आपणच द्यायचे. त्यातही जाहिरातींनी भरलेलं नियतकालिक चालत नाही, त्यामुळे दिवाळी अंकांचा गठ्ठा माळ्यावरच सुखरूप आहे.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे. पस्तीवाल्याला किलो कळतो, ग्रंथ कळेलच असं नाही. मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग इथे शिक्षक होते. 1844 साली दुर्गाराम मेहतांबरोबर मानवधर्म सभा काढली ती याच गावात. उद्या त्यांच्या 1836 च्या व्याकरणाची एखादी पहिली प्रत लिंबायतच्या गठ्ठ्यात आली, तर तिचंही खोकंच होईल. पण यातूनही निवडणाराच हवा असं सिद्ध होतं. सयाजीरावांनी 1910 साली अमेरिकेहून बोर्डन नावाचा ग्रंथपाल आणला, बडोदे संस्थानात पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरल्या, आणि सुरतेला खेटून असलेला नवसारी प्रांत त्याच संस्थानात होता. त्या पेट्या चालल्या कारण आत काय भरायचं हे पगारी माणसं ठरवत होती. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’च्या पेट्या चालतात त्याही निवडून भरलेल्या असतात म्हणून. डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीने पुस्तक आदान-प्रदान भरवलं. तिथेही आणलेल्या पुस्तकाच्या बदल्यात दुसरं उचलायचं असल्याने प्रत्येकाला निदान एक तरी निवड स्वतः करावी लागते.

तेव्हा सुरतेतल्या मराठी मंडळांनी हिरेबाजाराचा कित्ता गिरवावा. एक जाणता असॉर्टर पगारावर नेमावा आणि त्याचा पगार दात्यांकडून वसूल करावा: खोक्यामागे निवडणावळ, न चाललेल्या मालाची पस्तीवाल्यापर्यंतची हमाली वेगळी, आभारपत्र हवं असल्यास त्याचे आणखी. यात मंडळाला नफा होईल की नाही सांगता येत नाही, पण दर फलकावर लागल्याच्या दुसऱ्या दिवशी पुष्कळ घरांना ती पुस्तकं आजोबांची आठवण असल्याचं आठवेल, आणि लिंबायतला रविवारी माळ्यावरून काढून रिक्षाने आणलेली खोकी सोमवारी त्याच रिक्षाने माळ्यावर परत जातील. तेवढं रिक्षाभाडं मंडळाने द्यायला हरकत नाही.