समास भरून काढल्याबद्दल अभिनंदन

प्रति,
घराच्या बाजूच्या मोकळ्या पट्टीत खोली, जिना किंवा निदान पत्र्याची शेड उभी केलेले समस्त घरमालक,
महाराष्ट्र राज्य

विषय : सामासिक अंतराचा सदुपयोग

स. न. वि. वि.

आपले अभिनंदन करायला जरा उशीरच झाला. नगररचनेच्या कागदांत जिला सामासिक अंतर म्हणतात, गवंडी जिला मार्जिन म्हणतो आणि आपण जिला ‘फुकट चाललेली जागा’ म्हणत आलात, ती घर आणि कुंपण यांच्यामधली पट्टी आपण अखेर सार्थकी लावली. शाळेत वहीला समास सोडायला लावतात आणि त्या समासात पुढे बाईंची लाल शाईच उमटते, हे आपल्या पक्के लक्षात राहिलेले दिसते. व्याकरणाच्या तासालाही आपण झोपला नसणार. दोन पदे जवळ आली की मधला प्रत्यय लोप पावतो, हा नियम आपण विटांमध्ये सिद्ध केला आहे. आपले घर आणि शेजाऱ्याचे घर ही दोन पदे आता चांगली जवळ आली आहेत. मध्ये जे लोप पावले ते ऊन आणि वारा, आणि बहुधा एकमेकांशी बोलणेही. हा द्वंद्व समास की तत्पुरुष, ते दिवाणी न्यायालय सवडीने ठरवील.

आपली बाजू मात्र नीट मांडली जात नाही, कारण ती मांडताना आपण चिडता आणि हिशेब राहून जातो. तो इथे करू. दहा मीटर रुंद आणि पंधरा मीटर खोल, म्हणजे १५० चौरस मीटरचा भूखंड घ्या. पुढे तीन मीटर, मागे आणि दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर सोडायचे असे धरून चालू. (नेमके आकडे भूखंडाचे क्षेत्र, समोरचा रस्ता आणि इमारतीची उंची पाहून ठरतात.) घराला उरते सात बाय साडेदहा, म्हणजे ७३.५ चौरस मीटर. पैसे दीडशेचे मोजायचे आणि भिंती निम्म्याहून कमी जागेत उभ्या करायच्या, याला आपण सरकारी दरोडा म्हणता. दरोड्याच्या फिर्यादीत एक तपशील तेवढा सुटतो. चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येते तो आकडा, मोजतात तो मोकळ्या पट्टीसकट अख्ख्या भूखंडावर. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या, मुंबई आणि आणखी काही क्षेत्रे वगळून राज्यभर लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत दाट वस्तीबाहेर मूळ निर्देशांक १.१० आहे. म्हणजे आपल्याला १६५ चौरस मीटर बांधता येते. तळमजल्यावर एक पूर्ण मजला आणि त्यावर एक लहानशी खोली चढवली की ते सगळे पदरात पडते, शिवाय ऐसपैस गच्ची राहते. तेव्हा शासनाने आपल्याकडून काही काढून घेतलेले नाही. आडवे पसरायचे होते ते उभे करा, एवढेच म्हटले आहे. जिना चढायचे कष्ट आहेत, हे मान्य.

दुसरा आपला समज असा की हा नियम कुणा बाबूने कार्यालयात जांभई देता देता लिहिला. त्याची जन्मकथा थोडी निराळी आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. मांडवीतली घरे एकमेकांना इतकी चिकटलेली होती की कित्येक खोल्यांत भर दुपारी दिवा लागे. त्या धसक्यातून १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने आपल्या बांधकामांना साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम लावला. भिंतीच्या पायथ्यापासून त्या कोनात वर नेलेली रेषा समोरच्या इमारतीला अडता कामा नये. सोप्या मराठीत, समोरची इमारत जेवढी उंच त्याच्या निम्मे तरी अंतर मध्ये हवे. दादर-माटुंग्याच्या ज्या जुन्या वसाहतींत घर मिळावे म्हणून आजही माणसे दलालाचे उंबरे झिजवतात, त्या याच ट्रस्टने आखल्या. आता आपल्या भूखंडावर हा कोन लावून पाहा. आपला दीड मीटर आणि शेजाऱ्याचा दीड मीटर मिळून तीन मीटर होतात, त्याच्या दुप्पट म्हणजे सहा मीटर, जेमतेम दोन मजले. आजचे नियम याहून जास्त उंचीला परवानगी देतात, म्हणजे प्लेगच्या काळापेक्षा ते आधीच सैल आहेत. आपण आपला दीड मीटर भरलात की तीनाचे दीड उरतात आणि ट्रस्टच्या मोजपट्टीने शेजारी आता एकमजली घराला पात्र ठरतो. शेजाऱ्याने आपला कित्ता गिरवला की कोन मोजायला जागाच उरत नाही.

इथे एखादा जाणकार घरमालक म्हणेल, प्लेग तर उंदरावरच्या पिसवांनी पसरतो, उजेडाशी त्याचा काय संबंध? बरोबर आहे. ट्रस्टच्या साहेबांचे निदान प्लेगपुरते चुकले होते. पण त्याच मुंबईत पुढे कुणी मुद्दाम मांडावा असा एक प्रयोग आपोआप घडला. गोवंडी-मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींत इमारतींमधल्या अंतरात सवलत दिली गेली आणि बहुमजली इमारतींच्या रांगा जेमतेम तीन मीटरवर उभ्या राहिल्या. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने तिथे पाहणी केली तेव्हा क्षयरोग जास्त आढळला तो ऊन आणि वारा पोचत नाही अशा दाटीत, त्यातही खालच्या मजल्यांवर. तिथल्या रहिवाशांनी अंतर स्वतः बुजवले नव्हते, ते त्यांच्यासाठी परस्पर बुजवण्यात आले. आपण तेच काम स्वखर्चाने, सिमेंटच्या पोत्याला पूर्ण भाव देऊन करत आहात, म्हणून आपला गौरव अधिक.

आता मुद्द्याची गोष्ट. ‘माझी जागा, माझा पैसा’ हे आपले ब्रीदवाक्य मला पटते, फक्त ते अपुरे वाटते. आपल्या खिडकीसमोर तीन मीटर मोकळे असतात त्यातले दीड आपले आणि दीड शेजाऱ्याचे. म्हणजे समास ही शेजाऱ्यांमधली देवाणघेवाण आहे. प्रत्येकाने एक पट्टी द्यायची आणि दोन पट्ट्यांचा उजेड घ्यायचा. आपण आपली पट्टी बांधून टाकली, पण शेजाऱ्याची वापरणे बंद केले नाही. नव्या खोलीची खिडकी आपण त्याच्याच बाजूला ठेवली आहे. १८८२ चा सुविधाधिकार कायदा सांगतो की शांतपणे आणि अखंड वीस वर्षे उजेड-वारा उपभोगला तर त्यावर हक्क जडतो. जुन्या पेठांत या कलमावर पिढ्यान् पिढ्या वकील जगले. पण नव्या वसाहतीतल्या माणसाने वीस वर्षे अंधारात बसून हक्क पिकायची वाट पाहायची का? जे वीस वर्षांनी मिळाले असते ते अंतराचा नियम पहिल्याच दिवशी देतो, वकिलाच्या फीशिवाय. शेतकरी हे शिकल्यावाचून जाणतो. बांध कोरणाऱ्याला गावात काय मिळते ते आपल्याला ठाऊक आहे. शहरात बांध कोरला तर पावती मिळते.

त्या पावतीबद्दलच मला आपल्याशी सविस्तर बोलायचे आहे, कारण आपल्या आत्मविश्वासाचे मूळ तीच आहे. गुंठेवारी कायदा २००१ चा. त्यात १ जानेवारी २००१ पूर्वीची गुंठेवारी, म्हणजे परवानगीविना गुंठ्यागुंठ्याने पाडलेले भूखंड आणि त्यांवरची बांधकामे, नियमित करायची सोय होती. २०२१ च्या दुरुस्तीने ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आली. १९६६ च्या नगररचना कायद्यात २०१७ मध्ये भर घालून २०१५ अखेरपर्यंतची अनधिकृत बांधकामे शुल्क आकारून नियमित करण्याची वाट काढण्यात आली. घरासाठी आयुष्याची पुंजी घातलेल्या गरिबाला दिलासा मिळावा, हा हेतू वाईट नव्हता. पण आपण त्यातून जो धडा घेतलात तो वेगळा, आणि व्यवहाराच्या दृष्टीने अचूक आहे. कायद्याची तारीख वऱ्हाडाच्या गाडीसारखी असते, उशिरा येणाऱ्यासाठी थांबते. नोटीस आली तर उत्तर द्यायचे, उत्तर संपले तर स्थगिती आणायची आणि तोवर पुढची तारीख येते. मग शुल्क भरायचे. प्रश्न एवढाच की शुल्क कोणाला? ते जाते पालिकेच्या तिजोरीत. उजेड गेला शेजाऱ्याचा, वळचणीचे पाणी पडते शेजाऱ्याच्या जोत्यावर, आग लागली तर बंबाची नळी अडते ती त्याच्याच मागच्या दारापर्यंत जाताना, आणि मोबदला मिळतो ज्याचे काहीच गेले नाही त्याला. दुसऱ्याची वस्तू विकून तिसऱ्याने पैसे घ्यावेत याला बाजारात जे नाव आहे ते या आदरयुक्त पत्रात लिहिता येत नाही.

आपले आक्षेप मी ऐकले आहेत. बडे विकासक अधिमूल्य भरून मोकळ्या जागेतली तूट माफ करून घेतातच की, असे आपण म्हणता. मुंबईत तशी तरतूद आहे, आणि ती मलाही खुपते. मात्र शेजारच्या गल्लीत हत्ती शिरला म्हणून आपल्या गल्लीत रेडा सोडावा, हे काही पटत नाही. शिवाय हत्तीही कधी कधी पडतो. नोएडात सुपरटेक कंपनीचे दोन मनोरे जुन्या इमारतीपासून किमान सोळा मीटरवर हवे होते, ते नऊ मीटरवर उभे राहिले. या सगळ्या मिळून एकाच संकुलातल्या इमारती आहेत, म्हणून अंतराचा नियम लागू नाही, असा युक्तिवाद झाला. तो सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये फेटाळला. तिथल्या आधीच्या रहिवाशांची संमती घेतली नव्हती, हाही त्या निकालातला कळीचा मुद्दा होता. २८ ऑगस्ट २०२२ रोजी ते मनोरे स्फोटकांनी काही सेकंदांत खाली बसवले. सात मीटर कमी सोडल्याची किंमत अशी निघाली. आता इतकी वर्षे कोणी हटकले नाही, असे आपण म्हणाल, तर डिसेंबर २०२४ मध्ये मेरठच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले आहे की उलटलेला काळ, अधिकाऱ्यांची ढिलाई किंवा ओतलेला पैसा यांतल्या कशानेही बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही.

वाड्यांचे उदाहरण मात्र आपण मोठ्या तोऱ्यात देता आणि ते मला आवडते. भिंतीला भिंत लागून माणसे सुखाने राहत होती, ती काय क्षयाने गेली? त्या वाड्यांना मधोमध चौक असे, साहेब. आकाश घरात उतरायचे. पागोळ्या आपल्याच चौकात गळायच्या. वाड्याने समास बाजूला न सोडता पोटात सोडला होता. आपण बाजूचाही भरला आणि चौक तर पहिल्याच नकाशातून काढून टाकला. ओळीच्या घरांना आणि दाट गावठाणाला बाजूच्या अंतरात सूट मिळते ती तिथल्या वस्तीची ठेवणच वेगळी म्हणून, आपल्या सोयीसाठी नव्हे. राहता राहिला ‘शेजाऱ्याने तक्रार केली नाही’ हा दाखला. त्याचे कारण शोधायला लांब जायला नको. त्याच्या कुंपणाशी वाळूचा ढीग येऊन पडला आहे.

एक लहानशी सूचना करून हे पत्र आवरतो. नियमितीकरणाचा अर्ज भराल तेव्हा त्याची एक प्रत शेजाऱ्याला द्या, आणि त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय तो मंजूर होऊ नये अशी मागणी आपणच पालिकेकडे करा. शुल्काचा काही भाग त्याला मिळावा, असेही सुचवून पाहा. आपली बाजू इतकी भक्कम आहे की आपल्याला त्याची भीती वाटायचे कारण नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
कुंपणापलीकडचा

ता. क. : हद्दीवर उभारलेल्या नव्या भिंतीला बाहेरून गिलावा झालेला दिसत नाही. पावसाळ्यात ती झिरपेल. गिलाव्यासाठी परांची बांधावी लागेल आणि परांचीचे पाय शेजाऱ्याच्या दीड मीटरमध्ये रोवावे लागतील. परवानगी मागायला जाल तेव्हा दिवसाउजेडी जा, त्याच्या त्या बाजूच्या पायऱ्या आता दिसत नाहीत.