आत्याचं नेट, भाच्याचं फळकूट

टॅब हातात असला की माणूस विचारवंत दिसतो, अशी प्रस्तुत लेखकाची ठाम समजूत आहे. फोनमध्ये डोकं घातलेला माणूस वेळ घालवत असतो. तेच व्हिडिओ दहा इंची पडद्यावर बघणारा अभ्यास करत असतो. मंचरच्या एसटी स्टँडवर लेखक टॅब उघडून बसला की शेजारचा प्रवासी जरा सरकून घेतो. ती जागा विद्वत्तेला मिळते की कव्हरच्या रुंदीला, याच्या खोलात लेखक शिरलेला नाही.

मात्र घरचं वायफाय सुटलं की विद्वत्ताही सुटते. फोनवरून हॉटस्पॉट घेता येतो, पण त्यासाठी चारचौघांत आधी खिशातून फोन काढा, मग टॅब जोडा, मग पासवर्ड चुकवा. यात रुबाब कसला? टॅबला स्वतःचं सिम हवं. आणि त्या सिमला स्वतःचा रिचार्ज हवा, हे लेखकाच्या जिवावर येत होतं.

अशा वेळी माणसाला नातेवाईक आठवतात. लेखकाची आत्या तळेघरच्या पुढे एका वाडीत राहते. तिच्याकडे बटणांचा फोन आहे आणि त्याच्या स्वस्त रिचार्जमध्ये बोलण्याबरोबर नेटही मिळतं. आत्या त्या नेटला हातही लावत नाही. व्यापाऱ्याला हिरड्याचा भाव विचारायचा, घोडेगावला लेकीची खुशाली घ्यायची आणि भाच्याला “मेलास का जिवंत आहेस?” एवढं विचारायचं, की तिचं दळणवळण खातं बंद. राहिलेलं नेट दर महिन्याला वाया. राष्ट्रीय संपत्तीचा हा अपव्यय लेखकाला सलू लागला. आत्याचं सिम टॅबमध्ये आणि घरात पडलेलं जादा सिम आत्याला, अशी उदात्त योजना घेऊन तो रिचार्जच्या दुकानात गेला.

“काका, तो प्लॅन त्याच फोनात चालतो,” काउंटरमागचा पोरगा म्हणाला. “टॅबमध्ये टाकाल, पण नेट यायचं नाही.”

“त्यांना काय कळतंय कशात टाकलं ते?”

पोराने लेखकाच्या टॅबकडे, मग लेखकाकडे बघितलं. “त्यांना सगळं कळतं.”

कळतं ते असं. मोबाइल नेटवर्कवर चालणाऱ्या प्रत्येक यंत्राला आयएमईआय नावाचा पंधरा आकडी क्रमांक असतो. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबलं की दिसतो. त्यातले पहिले आठ आकडे यंत्राची कंपनी आणि मॉडेल सांगतात. यंत्र नेटवर्कला जोडलं गेलं की सिमच्या ओळखीबरोबर हा क्रमांकही तिकडे पोचतो. म्हणजे सिम आत्याचं आहे आणि बसलंय भाच्याच्या टॅबमध्ये, ही घरगुती बातमी तळेघरला कळायच्या आत कंपनीला कळते.

ही बंदी लपूनछपून घातलेली नसते. जुलै २०१७ मध्ये जिओफोन जाहीर झाला, तो १,५०० रुपयांच्या अनामत रकमेवर. जुलै २०२३ मध्ये जिओभारत आला: फोन ९९९ रुपयांना, रिचार्ज १२३ रुपयांचा, २८ दिवस बोलणं आणि १४ जीबी नेट. असा रिचार्ज त्या त्या फोनापुरताच असतो आणि तसं उघड सांगितलेलंही असतं. साधा रिचार्ज मात्र बहुधा फोन बघतो ना टॅब. मग स्वस्तालाच दावं का?

याचं उत्तर ज्यूल द्युप्युई या फ्रेंच इंजिनिअरने १८४९ मध्ये देऊन ठेवलंय, तेही रेल्वेच्या डब्यांवरून. तेव्हा तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नसे. कंपनीला छपराचे पैसे जड होते किंवा गरिबांवर तिचा राग होता, असं काही नाही, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्या वर्गाचं तिकीट परवडणाऱ्याने तिसऱ्यात येऊन बसू नये म्हणून तिसरा वर्ग मुद्दाम उघडा ठेवायचा. भिजायचं गरिबाने आणि घाबरायचं मध्यमवर्गाने. आपल्या रेल्वेतला तिसरा वर्ग १९७४ मध्ये गेला. तो फोनात शिरला असेल, आणि आपण दुसऱ्या वर्गाचे प्रवासी असून त्यात घुसू बघतोय, हे लेखकाला रिचार्जच्या दुकानात उभ्या उभ्या उमगलं. तेही हातात टॅब असताना. जरा अपमानच झाला.

अशा बंदीविरुद्ध नियमही असतात. युरोपीय संघाने २०१५ च्या नियमांत ग्राहकाला आपल्या पसंतीचं यंत्र वापरण्याचा हक्क दिला. त्याच नियमांचा आधार घेऊन २०१८ मध्ये ब्रिटनच्या ऑफकॉम या दूरसंचार नियामकाने थ्री या मोबाइल कंपनीची चौकशी केली. फोनचं सिम टॅबमध्ये चालू न देणं हा त्यातला एक मुद्दा होता. आपल्या ट्रायनेही फेब्रुवारी २०१६ मध्ये भेदभावाला बंदी केली, पण ती मजकुरापुरती. अमुक वेबसाइट स्वस्त आणि तमुक महाग, असं करता येत नाही. अमुक यंत्र आणि तमुक यंत्र, याबद्दल तो नियम गप्प आहे.

नियमांचं राहू द्या, आत्याच्या वाडीत आधी सिग्नल पोचायला हवा. आणि सिग्नलचा विषय निघाला की लेखकाला खोडदला गेल्याशिवाय राहवत नाही. नारायणगावजवळची ती महाकाय दुर्बीण, जीएमआरटी, जणू त्याने स्वतः उभारली अशा थाटात तो पाहुण्यांना दाखवतो. तीस तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. चौदा मध्यभागी, बाकीच्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फाट्यांवर. सगळा पसारा पंचवीसेक किलोमीटरचा. प्रा. गोविंद स्वरूप यांनी तबकड्यांना पत्र्याऐवजी पोलादी तारेची जाळी लावली. लांब लहरींना जाळी पुरते, वारा आरपार जातो, वजन आणि खर्च दोन्ही वाचतात. “म्हणजे आमची काटकसर,” असं लेखक इथे म्हणतो आणि पाहुणे त्याच्याकडे बघतात. जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झालं की या दुर्बिणीने एका दूरच्या आकाशगंगेतल्या हायड्रोजनचा सिग्नल टिपलाय. निघताना त्याची लहर २१ सेंटीमीटरची होती, इथे पोचेतो ताणून ४८ ची झाली, प्रवास ८.८ अब्ज वर्षांचा. इतकं बारीक ऐकायचं तर आसपास गोंगाट नको, म्हणून तबकड्यांजवळ मोबाइल बंद ठेवायला लावतात. पुणे–नाशिक वेगवान रेल्वेचा ठरलेला मार्ग बदलावा लागला, तोही या दुर्बिणीपायी. पाहुण्यांना एव्हाना भूक लागलेली असते, पण लेखकाचा समारोप बाकी असतो: “८.८ अब्ज वर्षांपूर्वीचा हायड्रोजन आमच्या जुन्नर तालुक्यात स्पष्ट ऐकू येतो. शेजारच्या आंबेगावात आत्याला मात्र हॅलो ऐकायला गोठ्यामागच्या दगडावर चढावं लागतं.”

यावर पाहुणे हसतात. आत्या हसत नाही.

३० जुलै २०१४ च्या सकाळी याच आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं. दीडशेहून जास्त माणसं गेली. गाव जागेवर नाही, ही खबर बाहेर पोचवली ती नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरने. पावसाळ्यात आत्याचा फोन रात्री उशाशी असतो आणि दिवे जायच्या आत ती तो चार्ज करून ठेवते. तिला पुस्तकं वाचायची नाहीत, व्हिडिओ बघायचे नाहीत. लागला पाहिजे, एवढंच. तिच्यासाठी तो स्वस्त रिचार्ज चांगलाच आहे, हे लेखकाला कबूल आहे. राग वेगळ्या गोष्टीचा आहे. सुट्टीत आत्याची दहावीतली नात येते. भूमितीचं प्रमेय ती आजीच्या फोनच्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर बघते आणि त्रिकोणाची अक्षरं दिसावीत म्हणून फोन नाकाशी धरते. लेखकाचा टॅब शेजारीच पडलेला असतो. पैसे आत्याने भरलेले, नेट शिल्लक, पडदा मोठा, पोरगी शिकायला तयार, आणि या चौघांची गाठ पडू द्यायची नाही, असं कुठेतरी ठरलेलं आहे.

लेखकाने शेवटी टॅबसाठी वेगळं सिम घेतलं. गोठ्यामागच्या दगडावर त्याला रेंज येते, म्हणून नात तिथे बसते आणि लेखक तिच्या डोक्यावर छत्री धरून उभा राहतो. टॅब हातात नसल्यामुळे वाडीतलं कुणी त्याला विचारवंत समजत नाही.

आत्याने हे सगळं दोन-तीन दिवस बघितलं. मग विचारलं, “माझ्या फोनातलं नेट मी वापरत नाही, तुला वापरू देत नाहीत. मग महिना भरला की ते जातं कुठं?”

“संपतं, आत्या.”

“न वापरता कसं संपतं? हिरडा वर्षभर पोत्यात राहतो.”

लेखकाने तक्रारीच्या नंबरवर फोन लावला. मराठीसाठी कुठलं बटण दाबायचं ते कळलं, चालू योजनांची माहिती मिळाली, ज्या क्रमांकाची तक्रार त्याच फोनवरून बोला, असंही सांगण्यात आलं. तो फोन घेऊन आत्या हिरडा वाळवायला गेली होती. आल्यावर तिने उत्तर मागितलं. ते कळेपर्यंत पुढचा रिचार्ज भाच्यानेच मारायचा, असं तिने ठरवून टाकलंय.