आठ लाख बाट यांस अनावृत पत्र

तीर्थरूप आठ लाख बाट यांसी,
मु. पो. बचत खातं, थायलंड.
शिरसाष्टांग नमस्कार.

पन्नाशी उलटलेल्या परदेशी माणसाला निवृत्तीसाठी थायलंडात राहता येतं, ते आपल्या पुण्याईवर. व्हिसा त्याचा, असं लोक उगाच म्हणतात. त्याचा फक्त फोटो असतो. मुदतवाढीच्या अर्जाआधी दोन महिने आपण खात्यात बसलेले हवेत, ती मिळाल्यावर आणखी तीन महिने हलायचं नाही आणि एरवीही वर्षभर चार लाखांच्या खाली उतरायचं नाही, असा २०१९ पासूनचा दंडक आहे. हलायचं ते म्हाताऱ्याने. दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा, विसरला तर २,००० बाट दंड. मुलीच्या लग्नाला मायदेशी जायचं तर आधी परतीचा परवाना काढायचा, नाहीतर मुदतवाढ तिथेच संपली. अर्जाच्या सकाळी तो बँकेत शंभर बाट भरतो, का, तर पासबुकात त्या दिवसाची ताजी ओळ उमटावी म्हणून. मग पानापानाची झेरॉक्स, त्यावर सह्या, १,९०० बाट शुल्क. आपण आत गार.

परक्या म्हाताऱ्यांचा भार आपल्या करदात्यांवर पडू नये, असं यजमान देशाला वाटलं तर त्यात गैर काही नाही. परदेशी रुग्णांची थकलेली बिलं थायलंडच्या सरकारी रुग्णालयांना सोसावी लागतात, हेही खरं. (आपण भारतीयांनी तर नाक मुरडूच नये, आपल्याकडे असा निवृत्ती-व्हिसाच नाही.) प्रश्न एवढाच, की आजारपणाची तजवीज म्हणून ज्यांना बसवलं, ते आजारपणात उठणार कधी? ऐंशीव्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरला, खुबा मोडला, पाच लाखांचं बिल आलं. पैसे समोर आहेत. पण ते भरले तर आपण चार लाखांखाली जाता, पुढची मुदतवाढ धोक्यात येते, आणि वॉकर धरून उभं राहायला शिकणाऱ्या माणसाने पुढच्या अर्जाच्या दोन महिने आधी आपल्याला पुन्हा पूर्ण उभं करायचं. न भरले तर रुग्णालय बुडतं, म्हणजे जे टाळायचं होतं तेच झालं.

यावर कुणी म्हणेल, ठेव नको तर दरमहा ६५,००० बाट उत्पन्न दाखवा. दाखवतील की! पण ब्रिटनचं सरकारी पेन्शन थायलंडात राहणाऱ्यांना सुरू झालं त्या आकड्यावरच गोठतं, दरवर्षीची वाढ मिळत नाही. शिवाय ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलियाच्या वकिलातींनी उत्पन्नाचे दाखले देणं थांबवल्यापासून महिन्यामागून महिना परदेशातून रक्कम आल्याची बँकेची नोंदच लागते. पौंड घसरला की म्हाताऱ्याची लायकीही घसरते. विमा काढा म्हणावं, तर ज्या वयात तो हवा त्या वयात हप्ता परवडत नाही.

तेव्हा विनंती एकच. रुग्णालयाने शिक्क्यानिशी पावती दिली, तर तेवढी रक्कम त्या वर्षापुरती खात्यातच आहे असं धरावं. देशाचा एक बाटही जात नाही, उलट रुग्णालयाला रोख मिळते. आपण साहेबांच्या टेबलावर दरवर्षी जाता, शब्द टाकून पाहावा.

आपला कृपाभिलाषी,
आपला कागदोपत्री मालक

ता. क. आपले श्रीमंत चुलते भेटले का? वर्षाला ८०,००० डॉलर पेन्शन असलेल्यांसाठी २०२२ पासून दहा वर्षांचा व्हिसा निघाला आहे. ते पत्ता वर्षातून एकदाच कळवतात.