दोराला किती जण?

रत्नागिरीत पावसाळ्यात रस्त्यावर झाड आडवं झालं की हात लावणारे दोघे आणि ‘असा नको, तसा धर’ सांगणारे पंधरा. हा खास आमचा गुण, असा माझा समज होता. पण मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच शेतकी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून १९१३ साली निष्कर्ष छापले आणि आमची मक्तेदारी गेली. एकटा माणूस जेवढा जोर लावतो, त्याच्या जेमतेम निम्मा तो आठ जणांत लावतो. उरलेला निम्मा, आमच्यापुरतं सांगायचं तर, तोंडात जातो.

आता रापण घ्या. पर्ससीन जाळ्यांच्या जमान्यात ती कमी झाली, तरी पद्धत तीच: होडीतून अर्धगोल जाळं टाकायचं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून ओढायचे. दोराला पंचवीस-तीस माणसं. रिंगेलमानच्या हिशेबाने मासळी समुद्रातच राहायला हवी. पण दोराला चुलते, साडू, मेव्हणे, सगळे लागलेले. कोणी ढिला पडला की मागून येतंच, ‘काय रं, दोर वडतोस का दोराला लटाकतोस?’ हा प्रश्न एकदा चारचौघांत विचारला गेला की नातवाच्या बारशापर्यंत पुरतो. शिवाय वाटे तिथेच वाळूत पडतात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

याउलट एका कचेरीतला निरोप समारंभ. समिती चौदा जणांची. शाल आली, हार आला, नारळ नाही. चौदाही जणांच्या परड्यात माड. प्रत्येकाला वाटलं, दुसरा आणील. शेवटी शिपाईमामांनी समोरच्या दुकानातून आणला. रत्नागिरीत विकतचा नारळ! टाळ्याही बेताच्याच पडल्या. पण त्याचं खापर आमच्यावर नको. माणसं वाढली की प्रत्येकाची टाळी मंदावते, हे अमेरिकेत बिब लाताने या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी १९७९ सालीच दाखवून दिलंय.

मग सगळी घरचीच माणसं घ्यावीत? आंब्याच्या दिवसांत तेही करून पाहतात. ओटीवर पाच जण पेट्या भरायला बसले की काम झपाझप उरकतं. पण आत्याने डागी आंबा भरला तर आत्याला सांगणार कोण? वाशीच्या बाजारातला दलाल सांगतो, पैसे कापून.

तेव्हा समिती नेमणाऱ्यांना विनंती: माणसं चारच घ्या, एकमेकांना तोंडावर बोलू शकतील अशी घ्या आणि नारळ कोणी आणायचा ते नावानिशी लिहून ठेवा. चौघेही एका वाडीतले असले तरी चालतील. फक्त त्यांत कोणाची आत्या नको.