नानांची शुगर आणि आमचा नाला

आमच्या बिल्डिंगमधले नाना शुगरच्या तपासणीची तयारी दहावीच्या पोरासारखी करतात. चार दिवस आधी चहातली साखर बंद, भात बंद, रात्री जेवून पार्किंगमध्ये पंचवीस फेऱ्या. पाचव्या दिवशी सकाळी सातला लॅबचा पोरगा येतो, नाना उपाशीपोटी हात पुढे करतात, रिपोर्ट येतो ९८. तो सोसायटीच्या ग्रुपवर पडतो, खाली अंगठे येतात आणि संध्याकाळी नाना नाक्यावर जिलबी खाताना दिसतात.

यंदा डॉक्टर बदलल्या. नव्या बाईंनी चिठ्ठीवर ‘एचबीएवनसी’ लिहून दिलं. ही तपासणी दुष्ट आहे. तांबड्या पेशींना चिकटून बसलेली साखर ती मोजते, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब बाहेर काढते. चार दिवसांच्या उपासाला भीक घालत नाही. आकडा आला ८.९. नाना आठवडाभर ग्रुपवर फिरकले नाहीत.

“ही फसवणूक आहे,” जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले. “आधी सांगायला नको?”

नानांच्या तोंडून हे ऐकून मला भरून आलं. कारण नाना एका केमिकल कंपनीत सव्वीस वर्षं ईटीपी ऑपरेटर होते. ईटीपी म्हणजे कंपनीचं सांडपाणी बाहेर सोडण्याआधी जिथे शुद्ध करतात, निदान करायचं असतं, ती जागा. ‘साहेब येतायत’ असा गेटवरून फोन आला की ब्लोअर सुरू करायचा, आउटलेटला बोअरचं पाणी जरा सढळ हाताने सोडायचं, हे सगळं नानांच्या हातून झालेलं. रिसेप्शनमध्ये काचेची टाकी होती. शुद्ध केलेल्या सांडपाण्यात सोनेरी मासे कसे मजेत पोहतात, ते पाहुण्यांना दाखवायला.

“मासे जगायचे?” मी एकदा विचारलं होतं.

“बदलायचं काम माझ्याकडेच होतं,” नाना म्हणाले.

तर आमच्या मागच्या नाल्याचंही परवा असंच झालं. रात्री दोनच्या सुमाराला उग्र वास सुटतो, डोळे चुरचुरतात, मागच्या बाजूच्या खिडक्या धडाधड बंद होतात. तक्रार केली. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला साहेब आले. नाला त्या वेळी इतका सोज्वळ वाहत होता की मलाच तक्रार मागे घ्यावीशी वाटली. साहेबांनी बाटली बुडवली, बूच लावलं, लेबल चिकटवलं. एका क्षणाचं पाणी. याला ‘ग्रॅब सॅम्पल’ म्हणतात. दिवसभर ठरावीक वेळाने थोडं थोडं पाणी घेऊन एकत्र करतात ते ‘कॉम्पोझिट’. पण त्यासाठी रात्री नाल्यावर कोणीतरी बसावं लागतं, आणि रात्री नाल्याला वास येतो.

कारखान्याच्या दारातून नमुना घ्यायचा तर कायदा आणखी सभ्य आहे. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याचं २१ वं कलम सांगतं की नमुना कोर्टात टिकवायचा असेल, तर तिथल्या तिथे नोटीस द्या, मालकासमोर नमुन्याचे दोन भाग करा, सीलबंद करा, दोघांच्या सह्या घ्या. मुलगी पाहायला जातानाही हल्ली इतका मान कोणी ठेवत नाही. तरतूद वाईट नाही म्हणा. नाहीतर कोणीही गटारातली बाटली आणून शेजाऱ्याच्या नावावर खपवेल. पण २०१७ साली तळोज्यातली कुत्री निळी झाली आणि २०२० मध्ये डोंबिवली एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला, तेव्हा त्या कुत्र्यांनी आणि त्या रस्त्याने कोणाला नोटीस दिली नव्हती. दोन्ही नमुने विनासहीचे.

प्रयोगशाळेला मी नावं ठेवणार नाही. तिथली यंत्रं अब्जातला एक भाग हुडकून काढतात. पण बाटलीतून जे पोहोचेल तेच त्यांना दिसणार, आणि बाटली हे प्रकरण माहेरवाशिणीपेक्षा नाजूक. धातू मोजायचे तर नमुन्यात नायट्रिक आम्ल घालावं लागतं, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीलाच चिकटून बसतात. उडून जाणारी द्रावकं मोजायची तर बाटली काठोकाठ भरायची. बुडबुडा राहिला की माल बुडबुड्यात. आणि सगळी वरात बर्फातून न्यायची. आमच्या नाल्याची बाटली मे महिन्यात गाडीच्या डिकीतून गेली, शेजारी स्टेपनी.

चाचण्यांत मला सगळ्यात आवडते ती बीओडी. पाण्यातल्या घाणीवर जंतूंची पंगत बसवायची, आपल्याकडे २७ अंशांवर तीन दिवस, आणि त्यांनी किती प्राणवायू संपवला ते मोजायचं. जास्त संपला तर पाणी घाण. पण पाणी इतकं विषारी असेल की पंगतच आडवी झाली, तर? प्राणवायू तसाच राहतो, आकडा खाली येतो, पाणी पास. जेवणारेच मेले, म्हणून खर्च कमी आला! जाणता केमिस्ट म्हणूनच शेजारचा सीओडीचा आकडा बघतो. तिथे काम डायक्रोमेट करतं, आणि डायक्रोमेटला विष बाधत नाही.

मग येतं ‘बीडीएल’. लोक ते ‘काही नाही’ असं वाचतात. खरा अर्थ एवढाच की आमच्या यंत्राला याच्या खालचं दिसत नाही. सांडपाण्यात पाऱ्याची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, यंत्राची नजर त्याच्या वरच थांबत असेल, तर तो रिपोर्ट म्हणजे चष्मा घरी विसरलेल्या वॉचमनने ‘कोणी आलं नाही’ असं रजिस्टरात लिहिणं.

आमचा रिपोर्ट आला. पीएच ७.४, बाकी मर्यादेत. नाल्याची उपाशीपोटी ९८ आली.

रिपोर्ट घेऊन मी नानांकडे गेलो. नाना जळफळून म्हणाले, “माझी काढली ना तीन महिन्यांची? मग त्याचीही काढा. गाळ घ्या. पाणी काय, वाहून जातं.”

सव्वीस वर्षांच्या नोकरीत जे नाना कोणाला बोलले नाहीत, ते जिलबी बंद झाल्यावर बोलले. आणि ते खरं आहे. जपानमध्ये मिनामाताच्या चिसो कंपनीने १९३२ पासून पारा समुद्रात सोडला. १९५६ मध्ये लोकांचा आजार उघडकीस आला. १९५९ मध्ये कंपनीच्याच इस्पितळातल्या डॉक्टर होसोकावांनी कारखान्याचं सांडपाणी एका मांजराला खाऊ घातलं. प्रयोगातलं ते ४०० नंबरचं मांजर तशाच लक्षणांनी आजारी पडलं. कंपनीने ही गोष्ट बाहेर जाऊ दिली नाही. त्याच डिसेंबरात नवं शुद्धीकरण यंत्र बसवून मोठा समारंभ केला आणि अध्यक्षांनी सगळ्यांसमोर त्यातलं म्हणून एक पेलाभर पाणी पिऊन दाखवलं. पारा असलेलं सांडपाणी त्या यंत्रात सोडलेलंच नव्हतं. नानांचे मासे आणि तिथले अध्यक्ष, पद्धत एकच. फक्त अध्यक्ष बदलावे लागले नाहीत.

पण कारखान्याच्या नाल्याच्या तोंडाशी गाळ बसला होता. त्यात टनामागे दोन किलो पारा निघाला. इतका, की कंपनीने पुढे तो गाळातून परत काढून विकण्यासाठी वेगळी कंपनी काढली. पारा सोडणं मात्र १९६८ पर्यंत चालूच होतं.

गाळ साहेब येणार म्हणून उपास करत नाही. त्याला बोअरचं पाणी पाजता येत नाही. जड धातू त्याच्या कणांना धरून बसतात, थरावर थर चढतो, आणि थर कापून त्यातल्या शिसे-२१० या किरणोत्सारी शिशावरून कुठला थर कुठल्या सालचा, तेही काढता येतं. म्हणजे कोणाच्या काळातला, हेसुद्धा. २१ व्या कलमात पाणी आहे, सांडपाणी आहे, नोटीस आहे, सह्या आहेत. गाळ नाही.

तेव्हा साहेब, पुढच्या खेपेला बाटली विसरलात तरी चालेल, फावडं आणा. नसेल तर तिसऱ्या मजल्यावर नानांकडे आहे. ते संध्याकाळी हल्ली घरीच असतात.