खुलासेदार

चेपॉकच्या क्रिकेटप्रेमी माणसाला आपल्या सभ्यपणाचा अभिमान आहे, आणि तो अभिमान अगदीच हवेतला नाही. ३१ जानेवारी १९९९ रोजी पाकिस्तानने भारताला तिथे बारा धावांनी हरवलं, पाठदुखीने कळवळत काढलेल्या सचिनच्या १३६ धावा वाया गेल्या, आणि तरीही अख्खं मैदान उभं राहून जिंकणाऱ्यांसाठी टाळ्या वाजवत राहिलं. पाकिस्तानी संघाने मैदानाला विजयी फेरी मारली ती त्या टाळ्यांत. चेन्नईत ज्याचा जन्म २००१ सालचा आहे तोही ही हकीकत सांगताना ‘आम्ही उभे राहिलो’ असंच म्हणतो. सुपर किंग्जचा चाहता हा याच घराण्याचा वारस. अंगात पिवळा शर्ट, तोंडात शिट्टी आणि पोटात फिल्टर कॉफी असली, तरी पंचाने ढळढळीत चुकीचा निर्णय दिला की तो शिवी देत नाही. चेंडू यष्टीच्या किती बाहेर पडला होता ते शेजाऱ्याला समजावून सांगतो. संघानेही त्याला साजेसा पुरावा पुरवला होता. आयपीएलमध्ये प्रत्येक सामन्यानंतर पंच दोन्ही संघांना वागणुकीचे गुण देतात आणि मोसमाअखेर ‘फेअर प्ले’चा पुरस्कार ठरतो. तो चेन्नईने २००८, २०१०, २०११, २०१३, २०१४ आणि २०१५ मध्ये मिळवला. इतर गावचे लोक या पुरस्काराला उत्तेजनार्थ बक्षीस समजतात. चेन्नईत मात्र तो चषकाइतक्याच गांभीर्याने मोजला जात असे.

अशा माणसाच्या दारात जानेवारी २०१८ चा लिलाव येऊन उभा राहिला. दोन वर्षांच्या बंदीनंतर संघ परतत होता आणि चाहत्याची अपेक्षा साधी होती: वेस्ट मांबळमचा मुलगा, इंजिनियर झालेला, विचार करून फिरकी टाकणारा अश्विन घरी यावा. त्याला पंजाबने ७.६ कोटींना नेलं. चेन्नईच्या वाट्याला आला २ कोटींचा हरभजन सिंग, ज्याने २००८ साली मोहालीत श्रीशांतच्या कानाखाली लगावली होती आणि त्या मोसमातले उरलेले सामने बाहेर बसून काढले होते. त्यावर कडी म्हणजे २.२ कोटींचा अंबाती रायुडू. रायुडूच्या बॅटबद्दल कोणाची तक्रार नव्हती. धास्ती होती ती बॅट हातात नसतानाच्या रायुडूची. १ मे २०१६ रोजी पुण्याजवळ गहुंज्याच्या मैदानावर तो मुंबई इंडियन्सकडून सीमारेषेजवळ धावत असताना त्याच्या हातून चौकार निसटला. गोलंदाज भडकला, रायुडू त्याच्याहून भडकला, आणि समजूत काढायला आलेल्या गोलंदाजाला त्याने झटकून टाकलं. तो गोलंदाज म्हणजे हरभजन. तेव्हा चेन्नईने नुसता तापट सीमारक्षक विकत घेतला असं म्हणणं अपुरं आहे. ज्याच्याशी भांडायचं तो माणूसही त्याच लिलावात घेऊन ठेवला होता. वर लिलावाला आठवडा व्हायच्या आत क्रिकेट मंडळाने रायुडूवर दोन सामन्यांची बंदी घातली. सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत कर्नाटकाच्या धावसंख्येत मागाहून दोन धावा वाढवल्या गेल्या, हैदराबाद नेमकं दोन धावांनी हरलं, आणि कर्णधार रायुडू ‘सुपर ओव्हर खेळवा’ म्हणत मैदानातच राहिला. त्यापायी त्याच मैदानावरचा पुढचा सामनाही छाटावा लागला.

आता या सभ्य गृहस्थाने काय करावं? पहिल्या दिवशी तो रीतसर दुखावतो. ‘हे आपल्या संस्कृतीत बसत नाही’ असं म्हणतो आणि त्याचं म्हणणं प्रामाणिक असतं. दुसऱ्या दिवशी त्याला ‘थाला’, म्हणजे कर्णधार धोनी, आठवतो. त्याने काहीतरी विचार केलाच असेल. विचार काय हे कळत नसलं तर तो नक्कीच खोल असणार. तिसऱ्या दिवशी तो अभ्यासाला बसतो, आणि इथे हा प्राणी बाकी चाहत्यांपासून वेगळा पडतो. कर्नाटकाच्या डावातला तो चेंडू तो पुन्हा पाहतो, क्षेत्ररक्षकाचा पाय दोरीला लागला होता हे मान्य करतो, मग दोन धावा त्याच वेळी का दिल्या नाहीत, धावफलक नंतर का बदलला, पाठलाग करणाऱ्या संघाला आकडा नक्की कधी कळला, असे प्रश्न वकिली क्रमाने मांडतो. गंमत म्हणजे त्याच्या खुलाशात तथ्य असतं. चूक पंचांकडून झालीच होती. सासरच्यांनी जावयाचा संताप पाहुण्यांना समजावून द्यावा तसा तो हळू आवाजात सांगतो: तापट नाही हो, फार हळवा आहे. हरभजनचं काम तर आणखी सोपं झालं. त्याने तमिळमध्ये ट्विटं लिहायला सुरुवात केली, आणि मोहालीची थप्पड ज्यांना दहा वर्षं आठवत होती तेच लोक त्याला ‘पुलवर’, म्हणजे कवी, म्हणू लागले.

यावर कोणीही म्हणेल की यात खुलाशाचा काय संबंध, धावा काढल्या की सगळे गुन्हे माफ असतात. रायुडूने त्या मोसमात ६०२ धावा काढल्या हे खरं आहे. कावेरीच्या आंदोलनामुळे चेपॉकवर एकच सामना झाला आणि घरचे सामने पुण्यात हलले; तेव्हा ज्या गहुंज्यावर तो हरभजनवर उसळला होता त्याच गहुंज्यावर १३ मे रोजी त्याने नाबाद शतक ठोकलं, तेही हैदराबादविरुद्ध. पण तारखा पाहा. खुलासा फेब्रुवारीत तयार होता, पहिला चेंडू एप्रिलमध्ये पडला. धावांनी खुलाशाला बळ दिलं, जन्म दिला नाही. याहून चोख पुरावा बेन स्टोक्सचा. ब्रिस्टलच्या रात्रीच्या मारामारीचं प्रकरण कोर्टापर्यंत गेलेला हा गडी डिसेंबर २०२२ मध्ये १६.२५ कोटींना चेन्नईत आला, दोन सामने खेळला आणि एकूण १५ धावा काढून गेला. म्हणजे धावेला एक कोटीहून जास्त. तरी चाहत्याने त्याच्याविरुद्ध चकार शब्द काढला नाही. त्याचा गुडघा दुखावला होता, आणि कोर्टाने तर त्याला निर्दोष सोडलेलंच होतं, नाही का?

खुलाशाची खरी कसोटी मात्र एप्रिल २०१९ मध्ये एकाच आठवड्यात लागली. ११ तारखेला जयपूरला नो-बॉलचा हात वर जाऊन खाली आला, तेव्हा बाद होऊन बाहेर बसलेला धोनी चक्क मैदानात घुसून पंचांशी वाद घालू लागला आणि अर्धं मानधन दंडात घालवून आला. शांततेच्या मूर्तीनेच असं केल्यावर आता काय? खुलासा असा की ते शांतपणेच आत गेले होते. (तो चेंडू टाकणारा गोलंदाज स्टोक्स होता. चेन्नईला पुढे तोही लागला, हा योगायोग समजावा.) मग चारच दिवसांनी विश्वचषकाचा संघ जाहीर झाला, रायुडू वगळला गेला, विजय शंकर घेतला गेला, कारण म्हणे तो तीन मितींचा खेळाडू. दुसऱ्या दिवशी रायुडूने विश्वचषक पाहण्यासाठी थ्रीडी चष्मे मागवल्याचं जाहीर केलं. इथे चाहत्याची भारीच पंचाईत झाली, कारण विजय शंकर तमिळनाडूचा. आपल्या संघाच्या माणसाने आपल्या राज्याच्या मुलाला टोमणा मारला होता. दुसरा कोणी असता तर एक बाजू निवडून मोकळा झाला असता. याने दोन्ही बाजू राखल्या: टोला निवड समितीच्या भाषेला होता, शंकरला नव्हे, आणि शंकरची निवड योग्यच होती, फक्त तिचं वर्णन चुकलं. असा खुलासा येरागबाळ्याला सुचत नाही.

दुसरा आक्षेप असा की जगभरचे चाहते असेच. १९९५ मध्ये एरिक कँटोनाने प्रेक्षकाला लाथ मारली आणि मँचेस्टर त्याच्या पाठीशी उभं राहिलं, मग चेन्नईचं कौतुक कशाला? फरक आहे, आणि माझ्या मते तोच मुद्दा आहे. मँचेस्टरला ती लाथ मिरवावीशी वाटते. आपल्या मुंबईच्या क्रिकेटला ‘खडूस’ ही पदवी आहे आणि मुंबईकर ती छातीवर लावून फिरतो. त्याचा खेळाडू तापला तर त्याला बरंच वाटतं. चेन्नईकराला मिरवता येत नाही, कारण १९९९ च्या टाळ्या आड येतात. म्हणून राग काढण्याचं काम तो नेमून दिलेल्या माणसाकडे सोपवतो आणि स्वतःकडे फक्त स्पष्टीकरणाचं खातं ठेवतो. पंचाच्या चुकीवर त्याच्याही पोटात आग उठलेली असते, पण ती बाहेर काढणं शोभत नाही. सीमारेषेवर कोणीतरी ती त्याच्या वतीने काढली की तो मोकळा होतो, आणि वर ‘असं करायला नको होतं’ असंही म्हणून घेतो. दोन्हीचं समाधान एका तिकिटात.

तिसरा आक्षेप कडवट आहे: ही सभ्यताच मुळात ढोंगी. २०१३ मध्ये सट्टेबाजीचं प्रकरण गाजलं, त्यापायीच जुलै २०१५ मध्ये लोढा समितीने संघावर दोन वर्षांची बंदी घातली, आणि फेअर प्लेचा पुरस्कार त्या २०१३ मध्येही चेन्नईलाच होता! हे मला नाकारता येत नाही. पण ढोंगी माणसाला लाज नसते, आणि लाज नसलेला माणूस एवढे कष्ट करून खुलासे तयार करत नाही. याला लाज आहे, म्हणूनच हा रात्र-रात्र जागतो. पंच मैदानावरच्या वागणुकीला गुण देतात, अधिकाऱ्यांच्या फोनला नव्हे, हा भेद त्याने तेव्हाच घोटून पाठ केला. २०१८ मध्ये रायुडू आला तोवर त्याचा हात चांगलाच बसला होता.

आता हिशेब मांडा. रायुडू २०१८ ते २०२३ अशी सहा वर्षं चेन्नईकडे होता. मध्ये २०२२ ला त्याने निवृत्ती जाहीर करून ती थोड्याच वेळात पुसूनही टाकली. खुलासा संघाच्या सीईओंनी केला, चाहत्याला त्या दिवशी सुट्टी मिळाली. या सहा वर्षांत चेन्नईने तीन वेळा चषक जिंकला आणि फेअर प्लेचा पुरस्कार एकदाही नाही. २०२३ चा अंतिम सामना जिंकल्यावर धोनीने रायुडूच्या निष्ठेचं कौतुक केलं आणि हा संघात असताना आपल्याला फेअर प्ले मिळणार नाही, असं हसत हसत सांगून टाकलं. मग चषक उचलायला त्याला आणि जडेजाला पुढे केलं. रायुडू निवृत्त झाला. २०२५ मध्ये चेन्नई दहा संघांत दहावी आली आणि दहा वर्षांनी फेअर प्लेचा पुरस्कार पुन्हा घरी आला. सभ्य गृहस्थाने खरं तर पेढे वाटायला हवे होते. तो मात्र पुढच्या लिलावासाठी उपलब्ध खेळाडूंची नावं चाळत होता आणि प्रत्येक नावापुढे विचारत होता, ‘गुणी आहे हो, पण याला राग येतो का?’