रिटर्नवाला

नालासोपाऱ्याहून सकाळच्या गाडीत बसायला जागा हवी असेल तर एकच उपाय आहे. चर्चगेटला जायचं असलं तरी आधी उलटं विरारला जायचं. तिथे गाडी रिकामी होते, आपण मात्र उतरायचं नाही. तीच गाडी पुन्हा मुंबईकडे निघते, तेव्हा आपण खिडकीशी. याला आमच्याकडे ‘रिटर्न येणं’ म्हणतात. विरारकरांना हे रिटर्नवाले डोळ्यांसमोर नको असतात. बिचारे फलाटावर उभे राहून, धावत्या गाडीत उडी मारून आत शिरतात, तर नालासोपाऱ्याची मंडळी चांगल्या जागा धरून पेंगत असतात. यावरून होणारी भांडणं मी नोकरीला लागल्यापासून ऐकतो आहे. दोन-तीनदा त्यांत बोललोही आहे.

मी सहा वर्षांचा मुरलेला रिटर्नवाला. पण माणसाला अख्खं वर्षच रिटर्न मारावं लागतं, हे मला गेल्या डिसेंबरात कळलं.

झालं असं, की २०२३च्या नोव्हेंबरात मी कॅट दिली. आयआयएमच्या प्रवेशाची परीक्षा. आजीने नाव ऐकलं आणि दूध पिणाऱ्या आमच्या बोक्याकडे एकदा बघितलं, बाकी काही बोलली नाही. २१ डिसेंबरला निकाल लागला. मी ऑफिसातून घरी फोन करून बाबांना सांगितलं, “एक्क्याऐंशी.” पुढे ‘पर्सेंटाइल’ म्हणेपर्यंत त्यांनी फोन ठेवला होता. संध्याकाळी रिक्षातून आमच्या कळंब गावी उतरलो तर नाक्यापासून घरापर्यंत सगळे माझ्याकडे बघून हसत होते. बाबांनी दोन किलो पेढे वाटले होते. एक्क्याऐंशी टक्के म्हणजे डिस्टिंक्शन! आमच्या घराण्यात याआधी साठच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी बाबांना पर्सेंटाइल समजावून सांगितलं. टक्के आपल्या पेपराचे असतात, पर्सेंटाइल दुसऱ्यांच्या जिवावर असतं. पेपरात निम्म्याहून कमी गुण मिळूनही नव्व्याण्णव पर्सेंटाइल येऊ शकतं, आणि यायला हवं ते तेवढंच. एक्क्याऐंशीला काही अर्थ नाही. बाबांच्या चेहऱ्यावर पेढ्यांचा हिशेब दिसू लागला, म्हणून मी गाडीवर आलो. तीस वर्षं विरार लोकल केलेल्या माणसाला तीच भाषा कळते. म्हटलं, यंदा परीक्षेला बसले दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार. गर्दीच्या वेळी बारा डब्यांच्या गाडीत चार-पाच हजार माणसं असतात. नव्व्याण्णव पर्सेंटाइलवाल्याच्या पुढे फक्त २,८८० जण, म्हणजे एक गाडीही भरत नाही. माझ्या पुढे पंचावन्न हजार. गच्च भरलेल्या अकरा गाड्या.

बाबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “अकरा गाड्या सोडून कोण उभा राहतो फलाटावर? रिटर्न ये की.”

तेव्हापासून मी रिटर्न येतो आहे. गेल्या वर्षीचा स्कोअर चालतो ३१ डिसेंबरपर्यंत, पण तो घेऊन जायचं कुठे? मधे मार्चमध्ये राज्याची सीईटीही दिली. दीडशे मिनिटांत दोनशे प्रश्न, आणि चुकीला दंड नाही. शेवटच्या दहा मिनिटांत सगळा हॉल एकाग्रतेने ‘क’वर टिचक्या मारत होता. त्यातही मी बाकीच्यांइतकाच एकाग्र झालो असणार, कारण काही हाती लागलं नाही. ऑगस्टात पुन्हा अडीच हजार भरून कॅटचा अर्ज केला.

पहिल्या वेळेस अभ्यास केला तो अज्ञानात, आणि त्या अज्ञानात एक धिटाई होती. दुसऱ्या वेळेस पुस्तकं तीच असतात. माझ्या गणिताच्या जाड पुस्तकात एका उदाहरणाशेजारी माझ्याच अक्षरात पेन्सिलने लिहिलंय, ‘सोपं आहे, वेळ घालवू नये’. ते उदाहरण मला आता सुटत नाही. दोन टाक्या, तीन नळ, त्यातला एक गळका. गेल्या वर्षीच्या मला ते सोपं का वाटलं, हे विचारायची सोय नाही. पुढच्या पानावर त्याच अक्षरात ‘सर समजावतील’ असं लिहिलंय, त्याचा मात्र लगेच विश्वास बसतो.

यापेक्षा अवघड भाग गावाचा. पेढे खाल्लेला माणूस विसरत नाही. हातात पुस्तक दिसलं की शेजारचे काका विचारतात, “अरे, तू पास झालास ना? मग हे काय?” पुन्हा देतोय म्हटलं तर म्हणतात, “पेपर फुटला होता का?” एकदा मी वैतागून हो म्हणून टाकलं. आठवडाभर सगळ्यांनी सहानुभूती दाखवली, तेवढाच तो एक सुखाचा आठवडा. मग काकांनी बाबांना विचारलं आणि घरी माझी वेगळी परीक्षा झाली.

घरी जमत नाही म्हणून पुस्तक घेऊन किनाऱ्यावर सुरूंमध्ये जाऊन बसलो. तिथे काही न करता बसतात ते फक्त मुंबईचे पर्यटक. पंधरा मिनिटांत घोडागाडीवाला जवळ आला आणि हिंदीत विचारू लागला, “साहब, राउंड मारेंगे?” मी त्याला मराठीत सांगितलं की मी इथलाच. त्याने पुस्तकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि घोडा वळवताना तो जे पुटपुटला ते घोड्याला उद्देशून होतं असं मी धरून चालतो.

रविवारी सकाळी साडेआठ ते साडेदहा मी घरीच क्लासची सराव परीक्षा देतो. खरी परीक्षाही दोन तासांची. तीन विभाग, प्रत्येकाला चाळीस मिनिटं, आणि मधे कुलूप. इंग्रजीची चाळीस मिनिटं संपल्याशिवाय पुढे जाता येत नाही, पुढे गेल्यावर मागे येता येत नाही. आदल्या रात्री रिसॉर्टमधल्या डीजेने उशिरापर्यंत झोपू दिलेलं नसतं, तरी बसतो. ऑक्टोबरातल्या एका रविवारी दुसरा विभाग नुकताच उघडला होता. कोडं होतं : गोल टेबलाभोवती आठ माणसं, कोणी कोणाशेजारी बसायला तयार नाही. मी सहा जणांना कसंबसं बसवलं आणि पाऊस आला. बाहेर शेजारच्या काकूंचे बोंबील वलांडीवर होते. दोघा-दोघांचे जबडे एकमेकांत अडकवून, बांबूवर आडव्या ओळींत लटकवलेले. काकू एकट्याच. आई ओरडली, “अरे, परीक्षा राहू दे, बोंबील भिजतायत!”

गेलो. बोंबील काढताना घाई केली की जबडे सुटतात आणि जोड्या फुटतात, म्हणून सावकाश काढावे लागतात. काकू म्हणत होत्या, “जपून बाळा, जोडीने काढ.” परत आलो तेव्हा अठरा मिनिटं उरली होती, माऊसला खारट वास लागला होता आणि टेबलाभोवतीची सहा माणसं कोण होती ते मी विसरलो होतो. चारातला एक सेट सुटला. क्लासच्या विश्लेषणात लाल अक्षरांत आलं : ‘हाती घेतलेला सेट अर्धवट सोडण्याची सवय’. काकूंनी संध्याकाळी सुक्या बोंबलाची चटणी पाठवली, पण ती विश्लेषणात धरत नाहीत.

इंग्रजीच्या विभागाशी माझं भांडण वेगळं आहे. एका सराव परीक्षेत उतारा आला किनाऱ्यावरच्या लोकांवर. लेखकाचं म्हणणं, तिथीवरून भरती-ओहोटी ओळखायची विद्या आता लोप पावली आहे. मी कळंबचा. आमचे पेपर फुटलावाले काका अजूनही तिथीला तीनाने गुणतात आणि चाराने भागतात. अष्टमी म्हणजे सहा वाजता भरती, बारस म्हणजे नऊ. मी आयुष्यभर हा हिशेब ऐकत आलोय, म्हणून ‘ही विद्या अद्याप जिवंत आहे’ या पर्यायावर ठोकून टिचकी मारली. उणे एक. सरांना विचारलं तर म्हणाले, “तुला काय माहीत आहे ते कोणी विचारलंय? उताऱ्यात काय आहे ते सांग.” खरं सांगायचं तर व्यवस्थापनाच्या शिक्षणातला मला पटलेला पहिला धडा हाच. माझ्या ऑफिसातल्या मीटिंगा याच नियमाने चालतात.

अभ्यास टाळायचा असेल तर दुसरा एखादा अभ्यास काढावा, हेही मी यंदा शिकलो. मुलाखतीत ‘तुमच्या गावाबद्दल सांगा’ असं विचारतात म्हणे. मुलाखतीचं बोलावणं अजून स्वप्नात नाही, तरी मी त्याची तयारी तीन दिवस जोरात केली. सोपारा हे जुनं शूर्पारक बंदर. दिव्यावदान या बौद्ध कथासंग्रहातला पूर्ण नावाचा व्यापारी इथला. समुद्रावर गलबतं नेऊन श्रीमंत झाला आणि शेवटी भिक्षू. पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये इथला स्तूप उकरला आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्यांनाच मिळाला. नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये भुईगावला सापडला, म्हणजे आमच्या अगदी शेजारी. पर्म्युटेशनची दोन प्रकरणं व्हायला हवी होती त्या वेळात मी अशोक वाचत होतो. त्या नवव्या लेखात सम्राट म्हणतो, की आजारपणात, लग्नकार्यात, प्रवासाला निघताना लोक नाना प्रकारची मंगलकृत्यं करतात, त्यांचं फळ थोडं असतं.

हे मी आईला सांगितलेलं नाही. तिने निर्मळच्या शंकराचार्यांच्या मंदिरात नारळ बोलला आहे. परीक्षा रविवारी, २४ नोव्हेंबरला, आणि कार्तिक वद्य एकादशीची निर्मळची जत्रा मंगळवारी. म्हणजे नारळ लगेच फोडता येईल, निकाल कसाही असो. मला जत्रेतली सुकेळी दिसतात, आईला पवई दिसते. पवईच्या ‘निटी’ या संस्थेचं २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झालं, हे तिच्या कानावर गेल्यापासून अहमदाबाद, कलकत्ता तिने यादीतून काढून टाकली आहेत. “घरून जा-ये होईल. डबा देईन,” असं तिने परवा सांगितलं. तिथे राहावंच लागतं, म्हटलं. त्यावर, “मग डबा कोण पोचवणार?” हा प्रश्न तिने बाबांकडे बघून विचारला.

प्रवेशपत्र आलं आहे. केंद्र ठाण्याला, सत्र पहिलं. सव्वाआठला फाटक बंद होतं. रविवार म्हणजे कुठला तरी ब्लॉक असणारच, म्हणून पहाटेच निघावं असं घरात बहुमताने ठरलं. बोक्याने मत दिलं नाही. नालासोपाऱ्याहून सरळ दादर, तिथून ठाणे. रविवारी पहाटे बसायला जागा असते, गाडी अर्धी रिकामी असते, हे मला माहीत आहे. तरीही मी आधी उलटा विरारला जाणार आहे. अशोकाला काही म्हणू दे.

तेव्हा विरारकरांनो, २४ तारखेला पहाटे गाडीत शिरताना खिडकीशी एक पोरगा मांडीवर पारदर्शक फोल्डर घेऊन आधीच बसलेला दिसला, तर एवढा एक दिवस त्याला काही बोलू नका.